बटेरांचं वजन अडलंय ते नेमकं कुठे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सोलापूर जिल्ह्यातले २७ वर्षांचे एक वाचक लिहितात: "शेतीला जोड म्हणून दिवाळीनंतर बटेरपालन सुरू केलं. पाचशे पिल्लांची पहिली बॅच हिवाळ्यात काढली. पस्तीस दिवसांत पक्षी १९० ग्रॅमच्या आसपास भरले आणि ढाबेवाल्यांनी हातोहात नेले. त्या बॅचला शेवटपर्यंत ब्रॉयलर स्टार्टर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांचं सुरुवातीच्या वयातलं खाद्य, दिलं होतं. नंतर खर्च वाचावा म्हणून पंधराव्या दिवसापासून फिनिशर, म्हणजे त्याच कोंबड्यांचं शेवटच्या आठवड्यांतलं खाद्य, द्यायला लागलो. एप्रिल-मेमधली तिसरी बॅच १५० ग्रॅमवरच अडकली. पाठीवर पिसं विरळ, एकमेकांना टोचून रक्त काढतात. गिऱ्हाईक १८० च्या खाली घ्यायला तयार नाही. खाद्याचा दुकानदार म्हणतो, मका आणि तेल वाढव, ताकद येईल. मित्र म्हणतो, प्रोटीन २७ टक्के पाहिजे, घरचं सोयाबीन भरडून घाल. एका पुस्तिकेत २४ टक्के लिहिलंय. वडील म्हणतात, बंद कर हा नाद. मी कुणाचं ऐकू?"

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुकानदाराचं, मित्राचं आणि पुस्तिकेचं, तिन्ही म्हणणी वाऱ्यावरची नाहीत, पण एकही जशीच्या तशी उचलू नका. मित्राच्या सल्ल्यातला अर्धा भाग तर पिल्लांना सरळ अपाय करेल. त्याकडे येतेच.

आधी एक विचारते. वजन खाद्यामुळेच घटलं, असं तुम्ही धरून चाललात. पण पहिल्या आणि तिसऱ्या बॅचमध्ये फक्त खाद्य बदललं का? ऋतूही बदलला. हिवाळ्यातली सोलापूरची शेड आणि मेमधली शेड यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पिल्लं तिन्ही वेळा एकाच हॅचरीतून आणली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बटेरमध्ये मांसासाठी निवडलेले वाण वेगळे आणि अंड्यांसाठीचे वेगळे. अंड्यांच्या वाणाचं पिल्लू पाच आठवड्यांत दीडशेच्या आसपास थांबलं, तर त्यात खाद्याचा काही गुन्हा नाही.

आणखी एक. वजन किती पक्ष्यांचं घेतलं, आणि ते नर होते की माद्या? कोंबडीत नर भारी असतो, जपानी बटेरमध्ये मादी भारी असते. तिसऱ्या आठवड्यानंतर छातीकडे बघितलं की ओळखू येतात: नराची छाती विटकरी, मादीच्या छातीवर काळे ठिपके. हाताला लागले ते दहा पक्षी उचलले आणि त्यात आठ नर निघाले, तर आकडा उगाच खाली दिसतो.

एवढं बोलूनही सांगते, माझा पहिला संशय फिनिशरवरच आहे. विरळ पिसं, टोचाटोची आणि अडलेलं वजन ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की मी आधी खाद्याची पिशवी बघायला मागते.

आता आकड्यांकडे या. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली कोंबडीवर्गीय पक्ष्यांच्या पोषणगरजांचे तक्ते काढले. जगभर आजही त्यांचा आधार घेतात. वाढत्या जपानी बटेरसाठी त्यात दर किलो खाद्याला २,९०० किलोकॅलरी ऊर्जा, २४ टक्के प्रथिनं, १.३० टक्के लायसीन, ०.५० टक्के मेथिओनीन आणि १.०२ टक्के थ्रिओनीन सांगितलंय. ही शेवटची तिन्ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक. ब्रॉयलर फिनिशरमध्ये आपल्याकडे साधारण ३,२०० किलोकॅलरी, २० टक्के प्रथिनं आणि एक टक्क्याच्या आसपास लायसीन असतं. म्हणजे ताकद जास्त आणि बांधणीचा माल कमी.

जास्त ताकदीने बिघडतं काय? बिघडतं ते असं की पक्षी पोट भरेपर्यंत खात नाही, ऊर्जेची गरज भागेपर्यंत खातो. हे अगदी तराजूत तोलल्यासारखं होत नाही, पण कल तोच असतो. समजा तुमच्या वाढत्या पक्ष्याला दिवसाला ६० किलोकॅलरी लागतात. २,९०० चं खाद्य असेल तर तो जवळपास २१ ग्रॅम खाईल आणि त्यातून त्याला २७० मिलिग्रॅम लायसीन मिळेल. ३,२०० चं फिनिशर असेल तर १९ ग्रॅमवरच थांबेल आणि पदरात पडेल १९० मिलिग्रॅम. खाद्यात दोनच ग्रॅमचा फरक, पण लायसीन जवळपास तीस टक्क्यांनी कमी. पिशवीवरचे टक्के बघून हे कळत नाही. टक्के खाद्याचे असतात, गरज मात्र पक्ष्याची असते आणि ती रोजच्या मिलिग्रॅममध्ये असते.

म्हणून दुकानदाराचा सल्ला मला पटत नाही. फिनिशरमध्ये आणखी मका आणि तेल ओतलं तर पक्षी आणखी कमी खाईल. चरबी धरेल, कापल्यावर पोटात पिवळी चरबी दिसेल, पण छाती भरणार नाही. दुकानदार खोटं बोलतोय असं नाही. ब्रॉयलर शेवटच्या आठवड्यांत तसाच वाढवतात आणि त्याचा रोजचा अनुभव त्याच पक्ष्याचा आहे. पण बटेरचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा आठ ग्रॅमचं असतं, आणि पस्तीस दिवसांत ते वीस-बावीस पट होतं. तेवढ्याच दिवसांत सगळी पिसंही अंगावर आणायची असतात. पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन, आणि त्यातही गंधक असलेल्या अमिनो आम्लांचं. मेथिओनीन तुटपुंजं पडलं की पाठ उघडी दिसायला लागते, तुम्ही लिहिलंय तशीच.

आता २४ खरं की २७?

दोन्ही खरे. बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. १९७४ साली अमेरिकेतून जपानी बटेर भारतात आली, तेव्हापासून तिच्यावरचं बरंचसं काम इज्जतनगरलाच झालंय. आपल्याकडच्या शिफारशी वाढीचे दोन टप्पे पाडतात: पहिल्या तीन आठवड्यांना २७ टक्के प्रथिनं, पुढे २४, आणि ऊर्जा दोन्हीकडे २,८०० च्या आसपास. अमेरिकेच्या तक्त्यात सगळ्या वाढीला मिळून एकच रकाना आहे. तुमचा मित्र पहिल्या टप्प्याचा आकडा सांगतोय आणि पुस्तिका सगळ्या वाढीचा. भांडण नाहीच.

पण २७ असो की २४, प्रथिनांच्या आकड्याला फार चिकटून राहू नका. प्रयोगशाळा खाद्यातला नायट्रोजन मोजते, त्याला ६.२५ ने गुणते आणि त्याला प्रथिन म्हणते. स्वस्त मासळीच्या कुट्टीत कुणी युरिया मिसळला तर तोही या हिशेबात प्रथिन म्हणून मोजला जातो. पक्ष्याला त्याचा शून्य उपयोग.

पक्ष्याला हवी असतात अमिनो आम्लं, आणि तीही एकमेकांच्या प्रमाणात. मोदक करताना उकड परातभर आहे आणि सारण वाटीभर, तर मोदक होतील सारण पुरेल तेवढेच. इथे लायसीन, मेथिओनीन आणि थ्रिओनीन हे सारण. उरलेली उकड आपण झाकून ठेवू शकतो, पक्ष्याला ती सोय नाही. जास्तीची अमिनो आम्लं शरीर मोडून टाकतं आणि त्यांतला नायट्रोजन विष्ठेतल्या पांढऱ्या भागातून बाहेर जातो. शेडमध्ये अंथरलेल्या तुसात ओल असेल तर त्याचा अमोनिया होतो. पहाटे शेडचा पडदा उचलल्यावर डोळे चुरचुरत असतील तर घातलेल्या प्रथिनातला काही भाग असा वाया जातोय, हेही एक कारण असू शकतं. त्याचे पैसे तुम्ही मोजलेले असतात.

घरच्या सोयाबीनचं सांगते. कृपा करून कच्चं सोयाबीन भरडून घालू नका. तुमच्या भागात सोयाबीन घरात असतं, बाजारात भाव पडलेला असतो, तेव्हा मोह होणारच. पण कच्च्या दाण्यात प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवणारा घटक असतो. पिल्लू खातं, पण ते प्रथिन पचत नाही. स्वादुपिंड सुजतं, वाढ मागे पडते. म्हणजे प्रथिन वाढवायला गेलात आणि होतं तेही गमावलंत. शिवाय दाण्यात १८ ते २० टक्के तेल असतं, त्याने ऊर्जा आणखी चढते. तेल काढून नीट उष्णता दिलेली सोयापेंड, दुकानात जिला डीओसी म्हणतात, ती वेगळी. तिच्यात ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात आणि लायसीन भरपूर. पेंड नीट भाजली गेलीय का, हे युरिएज चाचणीने कळतं. खाद्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती होते.

मग करायचं काय?

पाचशे पक्ष्यांसाठी स्वतःचं पूर्ण खाद्य बनवा असं मी सांगणार नाही. पाच आठवड्यांत एक पक्षी अर्ध्या किलोच्या आसपास खातो, म्हणजे तुमच्या पूर्ण बॅचला पाच पोती. एवढ्यासाठी मका, पेंड, जीवनसत्त्वं-खनिजांचं प्रीमिक्स, मेथिओनीन वेगवेगळं आणायचं आणि १५० ग्रॅम पावडर शंभर किलोत एकसारखी मिसळायची, हे खोऱ्याने होत नाही. एका घमेल्यात मेथिओनीन जास्त जातं आणि दुसऱ्यात काहीच नाही.

त्यापेक्षा हे करून बघा. पहिले तीन आठवडे ८५ किलो ब्रॉयलर प्रीस्टार्टर (स्टार्टरच्याही आधी, अगदी लहान पिल्लांना देतात ते खाद्य) आणि १५ किलो सोयापेंड. प्रीस्टार्टर २३ टक्के प्रथिनांचं आणि ३,००० किलोकॅलरीचं धरलं तर मिश्रणात प्रथिनं २६ टक्क्यांच्या पुढे जातात आणि ऊर्जा २,९०० च्या जवळ येते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ९० किलो स्टार्टर आणि १० किलो पेंड: प्रथिनं २४, ऊर्जा ३,००० च्या थोडी वर, लायसीन १.३ च्या आसपास. पिशवीवरचे आकडे कंपनीगणिक थोडे बदलतात, तेव्हा लेबल वाचून एकदा स्वतः गुणाकार करा. लेबलवर मिसळलेल्या औषधांची नावंही असतात. त्याचा फोटो काढून तुमच्या पशुवैद्यकांना दाखवा आणि ती बटेरला चालतात का ते विचारा. फिनिशर मात्र बंद. पंधराव्या दिवसापासून तर नाहीच नाही.

ज्यांच्याकडे दोन-तीन हजार पक्षी आणि मिक्सर आहे, त्यांना स्वतःचं खाद्य परवडू शकतं. अशा वाचकांसाठी तिसऱ्या आठवड्यानंतरचा अंदाज देते: शंभर किलोत ५१ ते ५२ किलो मका, ४२ किलो सोयापेंड, दोन किलो तेल, दीड किलो डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, कॅल्शियम आणि फॉस्फरससाठी), एक किलो चुनखडीची भुकटी, ३०० ग्रॅम मीठ, १५० ग्रॅम मेथिओनीन, १०० ग्रॅम थ्रिओनीन आणि उरलेल्या जागेत जीवनसत्त्वं-खनिजांचं प्रीमिक्स. पावसाळ्यात मक्याची ओल १२ टक्क्यांच्या वर असेल तर पोतं परत पाठवा. बुरशीचं विष दिसत नाही, पण यकृतावर बसतं, आणि मग कुठलंच सूत्र चालत नाही.

खर्चाचं तुम्ही लिहिलंय, म्हणून तेही मांडून दाखवते. चांगलं खाद्य किलोमागे पाच रुपयांनी महाग पडलं तरी अर्धा किलो खाणाऱ्या पक्ष्यामागे अडीच रुपयेच जास्त गेले. पाचशे पक्ष्यांचे साडेबाराशे. फिनिशरने वाचवलेले ते हेच. त्यांच्यापायी तुमची अख्खी बॅच १८० च्या खाली राहिली असू शकते.

आता एक गोष्ट अशी, जिच्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लू दिलेलं खाद्य खाऊ शकतं का? पशुवैद्यक महाविद्यालयात असताना एक दिवसाचं बटेरचं पिल्लू मी पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हा ते माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं होतं. समोर ब्रॉयलरच्या क्रंबलचा, म्हणजे भरडलेल्या गोळीखाद्याचा, दाणा ठेवला. पिल्लाने तो उचलला, चोचीत फिरवला, टाकला. पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. चौथ्यांदा त्याने तोंड फिरवलं. तो दाणा त्याच्या चोचीपेक्षा रुंद होता. ज्या पिल्लाचं वजन पहिल्या आठवड्यात तिपटीवर जायला हवं, त्याचा अर्धा दिवस असा गेला तर पुढे कितीही लायसीन द्या. पहिले आठ-दहा दिवस खाद्य रव्याइतकं बारीक करा. गिरणीत पुन्हा दळून घ्या किंवा चाळून खालचं वापरा. पिठासारखं मात्र नको, चोचीला चिकटून गोळे होतात. पेंडही तेवढ्याच बारकाईची हवी, नाहीतर पिल्लं निवडून खातात आणि मिश्रण कागदावरच राहतं.

ऊबही खाद्यातच मोजायची. आठ ग्रॅमच्या जिवाला स्वतःची उष्णता राखता येत नाही. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या जागेत, ३५ ते ३७ अंश मिळाले नाहीत तर खाल्लेली ऊर्जा अंग गरम ठेवण्यातच जाते. पाण्याच्या भांड्यात गोट्या टाकता ना? नाहीतर पिल्लं बुडतात.

उन्हाळ्यात याच्या उलट होतं. शेडमध्ये ४० अंश झाले की पक्षी धापा टाकतो आणि खाणं सोडतो. खाणं कमी झालं की रोजची मिलिग्रॅम पुन्हा कमी. तेव्हा खाद्यात अमिनो आम्लं थोडी दाट करावी लागतात. थोडंसं तेल चालतं, कारण तेल पचताना अंगात उष्णता कमी तयार होते, पण प्रथिनं तिथेच ठेवून नुसतं तेल वाढवलं तर मघाशी सांगितलेलाच घोटाळा होतो. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या, दुपारी पत्र्यावर पाणी मारा. तिसऱ्या बॅचच्या नुकसानीतला मोठा वाटा उन्हाचाही असणार. तेव्हा सगळं खापर फिनिशरवर फोडून मोकळे होऊ नका. टोचाटोचीलाही गर्दी आणि झगझगीत दिवा ही आणखी दोन कारणं असतात. चौरस फुटाला पाच-सहा पक्ष्यांपेक्षा जास्त ठेवू नका आणि रात्री दिवा मंद करा.

अंड्यांसाठी बटेर ठेवणाऱ्या बचत गटांच्या ताईंची पत्रं मला येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. अंडी देणाऱ्या मादीला प्रथिनं २० टक्के पुरतात, कॅल्शियम मात्र अडीच टक्के लागतं. अंड्यांच्या कोंबडीचं लेयर खाद्य त्याहून जास्त कॅल्शियमचं असतं. ते वाढत्या पिल्लांना कधीच देऊ नका. त्यांना ०.८ टक्के पुरतं. जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडावर येतं.

आता वडिलांचं. ते "नाद" म्हणतात, कारण त्यांच्यासमोर फक्त पडून राहिलेले पक्षी आहेत. तुमच्याजवळही दाखवायला आकडा नाही, म्हणून घरात वाद होतोय. पुढची बॅच तीनशेचीच घ्या. पिल्लं पहिल्या बॅचच्याच हॅचरीतून आणा. त्यातली शंभर जाळी लावून वेगळी करा. दोन्हीकडे ऊब, जागा आणि पाणी सारखंच. शंभर पिल्लांना साधं ब्रॉयलर स्टार्टर शेवटपर्यंत, दोनशेंना मी सांगितलेलं पेंडीचं मिश्रण. दर शनिवारी सकाळी, खाद्य घालायच्या आधी, प्रत्येक बाजूचे तीस पक्षी कापडी पिशवीत घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. तिसऱ्या आठवड्यापासून नर आणि मादी वेगळे लिहा. घातलेलं खाद्य लिहा, आणि खाली सांडलेलंही. बटेर चोचीने खाद्य फार उधळते, म्हणून भांडं निम्म्याच्या वर भरू नका आणि वर जाळी टाका. पुष्कळांचं हरवलेलं खाद्य भांड्याखालच्या तुसात सापडतं.

वजनं घेताना एकाने पक्षी धरायचा आणि दुसऱ्याने लिहायचं, असं दोघांचं काम असतं. ती वही वडिलांकडे द्या. पाचव्या शनिवारी किती ग्रॅम भरले तर धंदा चालू ठेवायचा आणि किती भरले तर थांबायचं, तो आकडा पिल्लं यायच्या आधीच दोघांनी बसून ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पस्तिसाव्या दिवशी ती पानं मला पाठवा. आकडे कसेही असले, तरी त्यावरून पुढचं खाद्य ठरवता येईल.